उमेदवार रिंगणाबाहेर गेला की मतदार कोणाकडे वळतात?

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी २०२० मध्ये झालेल्या स्पर्धेत पीट बुटिजज यांनी १ मार्चला आणि एमी क्लोबुचर यांनी २ मार्चला माघार घेतली. दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, १४ राज्यांत मतदान होते. तीन आठवड्यांपूर्वी न्यू हॅम्पशायरमध्ये पाचव्या क्रमांकावर फेकले गेलेले जो बायडेन यांनी त्या दिवशी १० राज्ये जिंकली आणि आघाडीवर असलेले बर्नी सँडर्स मागे पडले. माघार घेतलेल्यांची मते बायडेन यांच्याकडे वळली आणि निकाल पालटला, असे या घटनेचे वर्णन तेव्हापासून केले जाते.

हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एखादा उमेदवार स्पर्धेतून बाहेर पडला की त्याचे मतदार गठ्ठ्याने दुसऱ्याकडे जातात, हे गृहीतक अमेरिकेतील पक्षनेते, देणगीदार आणि भाष्यकार प्रत्येक निवडणुकीत मांडतात. त्यावर विसंबून कोणी माघार घेतो, कोणी इतरांना माघार घ्यायला सांगतो, तर कोणी ठाण मांडून बसतो. गेल्या काही निवडणुकांचे आकडे मात्र वेगळे चित्र दाखवतात. हे मतदार विखुरतात. काही अनपेक्षित उमेदवाराकडे जातात, काही घरी बसतात आणि काही तर बाहेर पडलेल्या उमेदवारालाच मत देतात. ते कोठे जातील, हे त्यांचा मूळ उमेदवार कोण होता यापेक्षा तो कधी बाहेर पडला आणि त्या क्षणी मतदारांसमोर कोणता पर्याय भक्कम दिसत होता, यावर अधिक ठरते.

प्रायमरीची रचना

भारतात उमेदवारी कोणाला द्यायची, हे पक्षाचे संसदीय मंडळ किंवा पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत हा निर्णय सामान्य मतदार घेतात. त्यासाठी होणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मतपेटीऐवजी कार्यकर्ते आणि समर्थकांच्या सभा भरतात. त्यांना कॉकस म्हणतात. हे मतदान एकाच दिवशी होत नाही. वर्षारंभी आयोवा, न्यू हॅम्पशायर अशा लहान राज्यांपासून सुरू होऊन ते जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. मतांच्या प्रमाणात किंवा राज्याच्या नियमानुसार उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ज्याच्याकडे प्रतिनिधींचे बहुमत असेल तो अधिकृत उमेदवार ठरतो. मार्चमधील ज्या मंगळवारी एकाच वेळी अनेक राज्यांत मतदान होते, त्याला ‘सुपर ट्यूसडे’ म्हणतात.

या रचनेमुळे माघारीचा अर्थ बदलतो. भारतात अर्ज मागे घेण्याची मुदत मतदानापूर्वीच संपते आणि त्यानंतर उमेदवारांची अंतिम यादी तयार होते. अमेरिकेत मतदान अर्ध्यावर आलेले असताना उमेदवार बाहेर पडतात. तोवर पुढील राज्यांच्या मतपत्रिका छापून झालेल्या असतात आणि टपाली मतदान सुरू झालेले असते. शिवाय बहुतेक उमेदवार माघार हा शब्द टाळून ‘मोहीम स्थगित’ केल्याचे जाहीर करतात. प्रचाराची देणी फेडण्यासाठी निधी गोळा करता यावा आणि मिळालेल्या प्रतिनिधींवरील दावा राखता यावा, हा त्यामागचा हेतू असतो. त्यामुळे उमेदवार प्रत्यक्षात रिंगणाबाहेर गेला तरी त्याचे नाव मतपत्रिकेवर राहते.

दुसरी पसंती कशी ठरते

राजकीय भाष्यकार उमेदवारांची विभागणी वैचारिक गटांत करतात. डावे, मध्यममार्गी, परंपरावादी, व्यवस्थाविरोधी असे गट पाडले की हिशेब सोपा होतो. मध्यममार्गी उमेदवार गेला तर त्याची मते दुसऱ्या मध्यममार्गीयाला मिळतील, असे मानले जाते. मतदारांच्या मनातील क्रम इतका नेटका नसतो.

२०१९ मध्ये झालेल्या जनमत चाचण्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. बायडेन हे पक्षाच्या मध्यममार्गी प्रवाहाचे आणि सँडर्स हे डाव्या प्रवाहाचे नेते. तरीही बायडेन यांच्या अनेक समर्थकांची दुसरी पसंती सँडर्स होते आणि सँडर्स यांच्या अनेक समर्थकांची दुसरी पसंती बायडेन. दोघेही देशभर परिचित होते, दोघांचाही कामगार वर्गात पाया होता. धोरणांचे बारकावे तपासून क्रम लावणारे मतदार थोडे असतात. ओळख, विश्वास, वय, वंश, प्रदेश, बोलण्याची ढब आणि मुख्य लढतीत जिंकण्याची क्षमता या गोष्टी अनेकांसाठी अधिक मोलाच्या ठरतात. त्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प यांना हरवू शकणारा उमेदवार हवा, ही डेमोक्रॅटिक मतदारांची सर्वांत मोठी कसोटी होती.

दुसरी पसंती प्रत्यक्ष मोजण्याची संधी आयोवातील कॉकसने दिली. तेथील तेव्हाच्या नियमानुसार ज्या गटाला सभेत साधारण १५ टक्के पाठिंबा मिळत नसे, त्या गटातील लोकांना दुसऱ्या गटात जाता येत असे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या या सभांना सुमारे १ लाख ७६ हजार लोक उपस्थित होते. निकाल जाहीर होण्यास बराच विलंब झाला, पण त्या वेळी प्रथमच पहिल्या आणि अंतिम अशा दोन्ही फेऱ्यांचे आकडे प्रसिद्ध झाले. सँडर्स २४.७ टक्क्यांवरून २६.५ वर गेले, एलिझाबेथ वॉरेन १८.५ वरून २०.३ वर. सर्वाधिक लाभ बुटिजज यांना झाला, ते २१.३ वरून २५.१ टक्क्यांवर पोहोचले. बायडेन मात्र १४.९ वरून १३.७ टक्क्यांपर्यंत घसरले.

याचा अर्थ स्पष्ट होता. फेब्रुवारीच्या आरंभी मोकळे झालेले मतदार बुटिजज यांच्याकडे जात होते आणि बायडेन यांचेच समर्थक त्यांना सोडून जात होते. चार आठवड्यांनी प्रवाह उलटा वाहू लागला. मतदारांचे विचार या काळात बदलले नव्हते, बदलली होती ती जिंकू शकणाऱ्या उमेदवाराविषयीची त्यांची समजूत. दुसरी पसंती ही कायमची नोंद नसते. तिच्यावर त्या त्या आठवड्यातील घडामोडींचा ठसा असतो.

पाठिंब्यापेक्षा वेळ महत्त्वाची

हा बदल घडवला तो दक्षिण कॅरोलिनाने. तेथील डेमोक्रॅटिक मतदारांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. त्या समाजात मोठा मान असलेले खासदार जेम्स क्लायबर्न यांनी २६ फेब्रुवारीला बायडेन यांना पाठिंबा दिला आणि २९ फेब्रुवारीला बायडेन यांनी जवळपास ४९ टक्के मते घेऊन ते राज्य जिंकले. त्यानंतर टॉम स्टायर, बुटिजज आणि क्लोबुचर ओळीने बाहेर पडले. २ मार्चच्या संध्याकाळी बुटिजज आणि क्लोबुचर यांनी टेक्सासमधील डॅलस येथे बायडेन यांना जाहीर पाठिंबा दिला.

क्लोबुचर यांच्या मिनेसोटा या राज्यात बायडेन यांना सुमारे ३८.६ टक्के, तर सँडर्स यांना सुमारे ३० टक्के मते मिळाली. वॉरेन यांच्या मॅसॅच्युसेट्समध्येही बायडेन पहिले आले आणि स्वतः वॉरेन तिसऱ्या. या दोन्ही राज्यांत त्यांची प्रचारयंत्रणा तुटपुंजी होती. मतदान केंद्राबाहेर केलेल्या सर्वेक्षणांत, अखेरच्या काही दिवसांत निर्णय घेतलेल्या मतदारांचा कल बायडेन यांच्याकडे ठळकपणे झुकलेला दिसला.

पण येथे क्रम लक्षात घेतला पाहिजे. आधी दक्षिण कॅरोलिनाचा निकाल आला, मग माघारी झाल्या, मग पाठिंबा जाहीर झाला. मतदार ज्या दिशेला पाहू लागले होते, त्याच दिशेला नेत्यांनी बोट दाखवले. असा इशारा प्रभावी ठरतो. उमेदवार मध्येच बाहेर पडतो आणि कोणाचेच नाव घेत नाही, तेव्हा समर्थक आपापल्या वाटेने जातात. २००८ मध्ये जॉन एडवर्ड्स ३० जानेवारीला बाहेर पडले, त्यानंतर सहाच दिवसांनी सुपर ट्यूसडे होता. त्यांनी बराक ओबामा यांना पाठिंबा दिला तो थेट १४ मे रोजी. तोवर बहुतेक राज्यांचे मतदान उरकले होते. २०२० मध्ये वॉरेन यांनी ५ मार्चला माघार घेतली, पण सँडर्स यांच्याशी अनेक मुद्द्यांवर एकमत असूनही त्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले. सँडर्स ८ एप्रिलला बाहेर पडले आणि वॉरेन यांनी त्यानंतर बायडेन यांना पाठिंबा दिला.

वेळेचा दुसरा परिणाम टपाली मतदानात दिसतो. कॅलिफोर्नियात मतपत्रिका कित्येक आठवडे आधी घरी पोहोचतात. तेथे बुटिजज यांना सुमारे अडीच लाख आणि क्लोबुचर यांना सव्वा लाखाहून अधिक मते मिळाली. मतमोजणीच्या वेळी दोघेही उमेदवार नव्हते. यांतील बहुतेकांनी आपला उमेदवार रिंगणात असतानाच मत दिले असणार. त्यांना दुसरी पसंती नोंदवण्याची संधीच उरली नाही. लवकर मतदान करणाऱ्या जागरूक नागरिकाचेच मत वाया जावे, ही या पद्धतीतील मोठी उणीव आहे.

बेरजेचा फसलेला हिशेब

रिपब्लिकन पक्षाचा २०१६ चा अनुभव याच गृहीतकाची दुसरी बाजू दाखवतो. त्या वर्षी १७ प्रमुख इच्छुक मैदानात उतरले होते. डोनाल्ड ट्रम्प यांना एक तृतीयांशाच्या आसपास मते मिळत असल्याने उरलेली दोन तृतीयांश मते ट्रम्पविरोधी आहेत आणि गर्दी कमी झाली की ती एकवटतील, असा पक्षातील अनेक धुरिणांचा हिशेब होता. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने बाहेर पडण्याची वाट पाहत राहिला.

जेब बुश २० फेब्रुवारीला बाहेर पडले. तरीही १ मार्चच्या सुपर ट्यूसडेला ट्रम्प यांनी ११ पैकी ७ राज्ये जिंकली. १५ मार्चला फ्लोरिडात मार्को रुबिओ स्वतःच्याच राज्यात हरले. तेथे पहिल्या क्रमांकाला सर्व प्रतिनिधी देण्याचा नियम असल्याने ट्रम्प यांना ४६ टक्क्यांच्या आसपास मते मिळूनही सर्व ९९ प्रतिनिधी मिळाले. रुबिओही गेले. एप्रिलच्या अखेरीस टेड क्रूझ आणि जॉन केसिक यांनी राज्ये वाटून घेण्याचा समझोता केला. इंडियानात क्रूझ लढतील, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिकोत केसिक. ३ मे रोजी इंडियानात ट्रम्प यांनी ५३ टक्के मते घेतली. त्याच रात्री क्रूझ आणि दुसऱ्या दिवशी केसिक बाहेर पडले.

गर्दी ओसरत गेली तशी ट्रम्प यांची टक्केवारी वाढत गेली. १९ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रथमच निम्म्याहून अधिक मते मिळवली. दुसऱ्याला मत देणे म्हणजे ट्रम्प यांना विरोध असणे नव्हे, हे पक्षनेत्यांच्या उशिरा ध्यानात आले. बाहेर पडलेल्यांच्या अनेक समर्थकांना ट्रम्प पहिल्या पसंतीचे वाटत नव्हते, पण अमान्यही नव्हते. महाराष्ट्रात बंडखोरामुळे झालेल्या मतविभागणीची चर्चा करतानाही हीच चूक होते. बंडखोर नसता तर त्याची सर्व मते अधिकृत उमेदवारालाच मिळाली असती, असे धरून बेरीज केली जाते. त्यांतील किती मते मुळात पक्षाची होती आणि किती त्या व्यक्तीची, हा प्रश्न विचारला जात नाही.

गेलेल्या उमेदवाराला दिलेले मत

२०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत दोन माघारींचे दोन वेगळे परिणाम अपेक्षित होते. ट्रम्प यांचे कडवे टीकाकार ख्रिस ख्रिस्ती १० जानेवारीला बाहेर पडले, तेव्हा न्यू हॅम्पशायरमधील त्यांचे समर्थक निकी हेली यांच्याकडे जातील, असे मानले गेले. विवेक रामस्वामी १५ जानेवारीला आणि रॉन डिसँटिस २१ जानेवारीला ट्रम्प यांना पाठिंबा देऊन बाहेर पडले. ट्रम्प यांच्या राजकारणाशीच जवळीक सांगणाऱ्या या दोघांच्या मतदारांना ट्रम्प हा सहज पर्याय होता. २३ जानेवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये ट्रम्प यांना ५४ टक्क्यांच्या वर आणि हेली यांना ४३ टक्क्यांच्या वर मते मिळाली. दुहेरी लढतीची वाट पाहणाऱ्या हेली यांना ती मिळाली, पण मैदान मोकळे होण्याचा फायदा एकट्या त्यांना झाला नाही.

हेली ६ मार्चला बाहेर पडल्या. त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. २३ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात, माघारीनंतर जवळपास सात आठवड्यांनी, दीड लाखाहून अधिक मतदारांनी हेली यांना मत दिले. हे प्रमाण सुमारे साडेसोळा टक्के होते. ७ मे रोजी इंडियानात त्यांना एक पंचमांशाहून अधिक मते पडली. इंडियानात कोणत्याही मतदाराला रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येते, त्यामुळे तेथील काही मते विरोधकांची असू शकतात. पेनसिल्व्हेनियात मात्र पक्षाचा नोंदणीकृत मतदार असल्याशिवाय मत देता येत नाही. तेथील मतदारांनी ठरलेल्या निकालावर आपली नाराजी नोंदवली. भारतात ‘नोटा’चे बटण दाबणारा मतदार जे सांगू पाहतो, त्याच्याशी याचे नाते आहे.

ही नाराजी नोव्हेंबरपर्यंत टिकते का, हा पुढचा प्रश्न. बहुसंख्य मतदार मुख्य निवडणुकीत आपल्या पक्षाकडे परततात. पण सगळे परततात असे नाही. २०१६ मध्ये प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के मतदारांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना मत दिले, असे एका मोठ्या मतदार सर्वेक्षणाच्या विश्लेषणात आढळले. यांतील अनेक जण पक्षाशी आधीच सैल बांधलेले होते. पक्षासाठी नव्हे, तर व्यक्तीसाठी प्रायमरीत आलेला मतदार ती व्यक्ती गेल्यावर पक्षात राहीलच याची खात्री नसते.

पसंतीक्रमाचा उपाय

मतपत्रिकेवरच दुसरी, तिसरी पसंती लिहून घेतली तर तर्क लढवण्याची गरज उरत नाही. न्यूयॉर्क शहराने २०२१ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही पद्धत वापरली. शेवटच्या टप्प्यात माया वायली तिसऱ्या क्रमांकावर राहून बाद झाल्या आणि त्यांच्या सुमारे २ लाख ५५ हजार मतपत्रिकांचे वाटप झाले. साधारण निम्म्या कॅथरिन गार्सिया यांच्याकडे गेल्या, सुमारे एक पंचमांश एरिक अॅडम्स यांच्याकडे. उरलेल्या पाव हिश्शाहून अधिक मतपत्रिकांवर दोघांपैकी कोणाचेच नाव नव्हते. अॅडम्स अवघ्या ७,१९७ मतांनी विजयी झाले. म्हणजे कोणाकडेच न गेलेली वायली यांची मते या फरकाच्या सुमारे दहापट होती. दुसऱ्याकडे वळणे हा मतदाराचा एक पर्याय आहे. न वळणे हा दुसरा.

भारतीय वाचकांना ही पद्धत अपरिचित नाही. राष्ट्रपतीपदाची निवडणूक पसंतीक्रमानेच होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्यात लढत झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होते. देशमुख आणि अन्य उमेदवार बाद झाल्यावर पुढील पसंतीची मते मोजली गेली. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक मते रेड्डींना मिळाली, तरी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. देशमुखांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता आणि त्यांची दुसरी पसंती रेड्डींकडे जाणे अपेक्षितच होते. पण ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ यांतील लहानशा अंतराने देशाचा राष्ट्रपती ठरला.

अमेरिकेत २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाने पसंतीक्रमाची पद्धत वापरली. बहुतेक राज्यांत मात्र मतदाराला आजही एकच नाव निवडता येते. तो उमेदवार मतदानापूर्वी बाहेर पडेल की नाही, याचा अंदाज त्याने स्वतःच बांधायचा असतो.

पुढील वेळी कोणी उमेदवार मोहीम स्थगित करील, तेव्हा त्याची मते कोणाला मिळणार हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्याचे उत्तर शोधताना चार गोष्टी तपासाव्या लागतील. मतदान किती दिवसांवर आहे आणि किती मते आधीच पडली आहेत? उरलेल्यांपैकी कोणाच्या बाजूने वारे वाहू लागले आहे? बाहेर पडणाऱ्याने पाठिंबा दिला असेल, तर तो समर्थकांच्या कलाशी जुळणारा आहे का? आणि त्याचे मतदार पक्षाचे होते की त्याचे स्वतःचे? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत केलेली मतांची बेरीज कागदावरच राहते.